किंमत शून्य



माझी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी अजून चालते. गेल्या पावसाळ्यात मात्र राजहंसगडाच्या चढावर तापली. हेडवरून रेडिएटरच्या पाइपाकडे पाणी नेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कोपऱ्याला भोक पडलं होतं. गाडी बनायची बंद होऊन वीस वर्षांवर झाली, पार्ट मिळेना. बेळगाव पालथं घातलं, कोल्हापूरला फोन केले.

गॅरेजवाला म्हणाला, "काका, उद्यमबागेच्या शेजारी राहताय आणि पार्ट कसला शोधताय? ओतून घ्या की." त्याने आमच्याच येळ्ळुरातल्या एका मिस्त्रींचं घर सांगितलं. ऐकून मी गप्प झालो.

ऐंशीच्या दशकात मी बँकेत कर्जाची कामं बघायचो. हे मिस्त्री फाउंड्रीवाल्यांना लाकडी पॅटर्न करून द्यायचे. मशीनसाठी त्यांनी अर्ज केला, मी शेड तपासायला गेलो. फळ्यांवर सागवानी पॅटर्न ओळीने मांडलेले. तारणाच्या यादीत त्यांच्यापुढे मी लिहिलं : किंमत शून्य. बी.कॉम.च्या डोळ्यांना ते सरपण दिसलं. कर्ज नामंजूर झालं.

आता त्यांचा नातू थ्रीडी प्रिंटरवर पॅटर्न करतो. त्याने जुन्या कोपऱ्याची मापं व्हर्नियरने घेतली, कॉम्प्युटरवर चित्र काढलं. मिस्त्री खुर्चीत बसून सांगत होते, "ॲल्युमिनियम गार होताना आकसतंय, शंभर मिलिमीटरला सव्वा धर. तोंडाला दोन मिलिमीटर जादा ठेव, मशिनिंगला लागतंय. बाजूंना थोडा उतार दे, नाहीतर पॅटर्न उचलताना वाळू ढासळते."

पोराने सगळं केलं, एक राहिलं. कोपरा आतून पोकळ, म्हणजे आत वाळूचा कोअर हवा. त्याला टेकायला पॅटर्नच्या दोन्ही टोकांना जागाच ठेवली नव्हती. "कोअर काय हवेत तरंगणार आहे व्हय रे?" मिस्त्री हसले. पुन्हा छापलं. पॅटर्न दोन अर्ध्यांत, कोअरचा साचा वेगळा. थरांच्या रेघा लांबी भरून, पॉलिशपेपर घासून गुळगुळीत केल्या.

उद्यमबागेतल्या छोट्या फाउंड्रीत पेट्यांत वाळू ठासली. कोअरची वाळू सोडियम सिलिकेटमध्ये कालवून, तिच्यात कार्बन डायऑक्साइड सोडून कडक केली. मग सातशे अंशांच्या आसपास तापलेला रस आत गेला. पहिल्या कास्टिंगमधून पाणी झिरपलं. दुसरं पास झालं. तोंड मशीनवर सपाट केलं, भोकं पाडली, गाडीला बसवलं.

पैसे द्यायला गेलो तेव्हा मिस्त्री म्हणाले, "पॅटर्न घेऊन जावा साहेब. पार्ट कधीतरी जाणारच. पॅटर्न असला की परत ओतता येतंय."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मिस्त्री, त्या वेळी तुमच्या पॅटर्नची किंमत शून्य लिहिणारा मीच."

"ठाऊक हाय की," ते शांतपणे म्हणाले. "कागदावर सही तुमचीच होती नव्हं."

नातू चहा घेऊन आला. पुढे दोघंही त्यावर काही बोललो नाही.

गाडी आता तापत नाही. पॅटर्न माझ्या कपाटात, पासबुकांशेजारी आहे.

मंडळी, तुमच्या घरात कुणी पॅटर्नमेकर होतं का? त्यांचे जुने पॅटर्न असतील तर चुलीत घालू नका.