मागून येणारी गाडी

सिंगापुरात गाडी घेणे ही एक गोष्ट आणि ती चालवणे ही अगदी वेगळी गोष्ट. १९९० पासून इथे गाडीआधी सीओई घ्यावे लागते. दहा वर्षांच्या त्या कागदासाठी गाडीच्या किमतीइतके, कधी कधी त्याहूनही जास्त पैसे मोजायचे आणि मग पळवायचे कुठे, तर पूर्व-पश्चिम जेमतेम पन्नास किलोमीटरच्या बेटावर! एक्स्प्रेसवेवर नव्वदची मर्यादा, आणि तिथपर्यंत काटा पोचतो न पोचतो तोच आपला एक्झिट येतो. त्यामुळे इथल्या गाडीला खरा रस्ता दिसतो तो खाडीपलीकडे, मलेशियात. लाँग वीकएंड आला की आम्हां मंडळींचे फोन सुरू होतात, "काय, निघायचं का?"

या खेपेला आम्ही तीन कुटुंबे, तीन गाड्या घेऊन मेलाकाला निघालो. आमच्यातल्या एका घरी टेक्सासहून थोरले दादा आणि वहिनी महिन्याभरासाठी आले होते. दोन दिवसांत ते आम्हां सगळ्यांचेच दादा-वहिनी झाले. दोघेही निवृत्त. मुलगा एका राज्यात, मुलगी दुसऱ्या. विमानाची धावपळ नको म्हणून त्यांनी जुने मोटरहोम घेतलेले. म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच: शेगडी, फ्रीज, पलंग, न्हाणीघर, सगळे एकाच गाडीत. नातवंडांच्या दारात बिऱ्हाड उभे करायचे आणि कंटाळा आला की उचलायचे. सध्या त्यांच्या डोक्यात एकच विषय होता: या बिऱ्हाडामागे आपली लहान गाडी ओढून न्यायची, तर त्यासाठी डॉली कोणती घ्यायची?

आम्हांला आधी डॉली म्हणजे बाहुलीच वाटली. "अहो, थांबा, चहा पिताना सांगतो," दादा म्हणाले.

आम्ही तुआसच्या सेकंड लिंकने निघालो. हा पूल १९९८ मध्ये सुरू झाला. १९२४ पासूनच्या जुन्या कॉजवेच्या मानाने इथे रांग बहुधा थोडी कमी असते. निघण्याआधी टाकी पाऊण भरलेली हवी, हा १९९१ पासूनचा नियम. १ जुलै २०२५ पासून सिंगापूरच्या गाडीला मलेशियाचे व्हीईपी नसेल तर दंडही होतो. टोलसाठी टच-एन-गो कार्ड हाताशी. दादांना टाकीची मोठी गंमत वाटली. "पेट्रोल भरल्याशिवाय देशाबाहेर सोडत नाहीत, हे पहिल्यांदाच बघतोय!"

पुढे नॉर्थ-साउथ एक्स्प्रेसवे लागला. जोहोर बाहरूपासून थायलंडच्या सीमेपर्यंत पावणेआठशे किलोमीटरच्या आसपासचा हा रस्ता १९९४ मध्ये पूर्ण झाला. दोन्ही बाजूंना पामतेलाच्या बागा, मैलोन् मैल. कुलाई, सिंपांग रेंगाम मागे टाकून आम्ही माचापच्या विश्रांतिस्थळी थांबलो. डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या निघाल्या, तेह तारिकचे ग्लास आले आणि दादांनी कागदी रुमालावर चित्र काढायला घेतले.

"मोटरहोमची पंचाईत काय, की मुक्कामाला पोचल्यावर दूध आणायला जायचं तरी अख्खं घर घेऊन जावं लागतं. म्हणून मागे एक छोटी गाडी हवी. बैलगाडीमागे गाय बांधून बाजाराला नेतात ना, तसं."

ही गाय बांधायच्या तीन तऱ्हा. पहिली, गाडीची चारही चाके रस्त्यावर ठेवून दांड्याने ओढायची. दुसरी, डॉली: दोन चाकांचा बुटका ट्रेलर, गाडीची पुढची दोन चाके त्याच्यावर चढवून पट्ट्यांनी आवळायची, मागची दोन रस्त्यावर पळत येतात. तिसरी, अख्खी गाडी मोठ्या ट्रेलरवर चढवायची. पहिली तऱ्हा सुटसुटीत, पण ती सगळ्या गाड्यांना चालत नाही. तिसरी सगळ्या गाड्यांना चालते, पण ट्रेलरचे स्वतःचे वजनच भारी. डॉली या दोहोंच्या मधली.

"पण चाकं फिरली तर बिघडतं काय? गाडी न्यूट्रलला टाकायची," आमच्यातल्या एकाने विचारले.

"तिथेच तर गोम आहे," दादा म्हणाले. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके शेकडो मैल फिरवली तर आतले भाग तेलावाचून घासतात. म्हणून इंजिन जी चाके फिरवते, ती रस्त्यावर घासत नेऊ नयेत. साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी असली तर डॉली उत्तम, कारण पुढची चाके वर आणि मागची नुसती घरंगळणारी. हँडब्रेक मात्र आठवणीने काढायचा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला डॉली सहसा उपयोगाची नाही. चारही चाकांवर चालणारी असेल तर मॅन्युअलमध्ये काय लिहिले आहे तेच खरे, आणि बहुतेक वेळा ते "चारही चाके वर" असेच असते.

मग वजनाचा हिशेब. मोटरहोम किती ओढू शकते, मागचा हिच किती पेलतो आणि डॉली किती वजनाची गाडी घेते, या तिन्ही आकड्यांत सर्वांत लहान असेल तो आपला. शिवाय मोटरहोम आणि मागची गाडी मिळून एकूण वजनाची वेगळी मर्यादा. त्यात पाण्याची भरलेली टाकी, माणसे, सामान आणि खुद्द डॉलीचे अडीचशे-तीनशे किलो हे सगळे धरायचे. गाडीची रुंदी डॉलीत मावते का आणि पुढचा बंपर चढताना घासतो का, हेही आधी मोजून बघायचे.

तिसरी गोष्ट ब्रेक. मागच्या गाडीत ड्रायव्हर नाही, म्हणजे तिचे ब्रेक झोपलेले. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ओढायचे वजन ३,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण १,३६० किलोच्या वर गेले की त्याला स्वतंत्र ब्रेक लागतात. आपली मध्यम गाडी आणि डॉली मिळून हा आकडा सहज ओलांडतो. म्हणून ब्रेक असलेलीच डॉली घ्यायची. विजेवर चालणारे असोत, नाहीतर मागून धक्का बसला की आपोआप लागणारे. "कायदा सोडा. घाटाच्या उतारावर मागून दीड टन ढकलायला लागला की कायदा आठवत नाही, देव आठवतो!"

आणि शेवटची गोष्ट: डॉली लावून मागे घ्यायचे नाही. डॉली एका ठिकाणी वळते, तिच्यावरची गाडी दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्ही वाकड्या होऊन अडकतात. पेट्रोलपंपावर शिरण्याआधी बाहेर पडायची वाट दिसली पाहिजे.

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "हे सगळं खरं, पण बांधणार कोण, ते चित्रात कुठे दिसत नाही." सगळे हसले. दादाही हसले आणि रुमाल घडी करून खिशात टाकला.

माचाप सोडले, चिनीमातीच्या दुकानांचे आयर हितम मागे गेले आणि पावसाने गाठले. मलेशियाचा पाऊस म्हणजे कोकणातला पाऊस. आला की समोरचे काही दिसत नाही. योंग पेंगच्या अलीकडे आमच्या तीनपैकी एका गाडीत गिअरबॉक्सचा लाल दिवा लागला आणि वेग उतरत गेला. नेमकी तीच गाडी चारही चाकांवर चालणारी, आणि तिच्यातच दोन मुले आणि एक आजी. गाडी कडेला घेतली, सगळ्यांना कठड्यापलीकडे सुरक्षित जागी उभे केले. हायवेच्या गस्तीच्या गाडीने येऊन मागे शंकू लावले. आजींना आणि मुलांना दुसऱ्या गाडीत बसवले. थोड्या वेळाने विम्याच्या फोनवरून पाठवलेला टो ट्रक आला.

तो होता पुढची दोन चाके उचलून नेणारा. दादांनी छत्री वहिनींच्या हातात दिली आणि पुढे झाले. पुढची चाके हवेत थांबलेली, मागची रस्त्यावर फिरणारी, आणि दोघांना जोडणारा मधला दांडा दोन भावांच्या भांडणातल्या बांधासारखा मधल्या मध्ये झिजणार. गिअरबॉक्सचे दुखणे आधीच होते, त्यात ही भर. इथल्या गॅरेजचे काम काही हजारांचे झाले असते आणि सीओईची अजून सात वर्षे शिल्लक!

टो ट्रकवाला पोरगा शहाणा निघाला. दादांनी "ऑल व्हील" म्हणताच त्याने मान डोलावली आणि ट्रकमधून चार लहान चाकांची एक चौकट काढली. ती त्याने मागच्या चाकांखाली बसवली, दांड्याने उचलली, आणि आमच्या गाडीची चारही चाके रस्त्यापासून वर! सिंगापुरातले टोइंगवाले हिला किंग डॉली म्हणतात. आपल्या एचडीबीच्या बहुमजली कार पार्कमध्ये छत इतके खाली असते, की सपाट फळीचा मोठा ट्रक आत शिरत नाही. तिथे हीच कामाला येते. म्हणजे दादांची डॉली टेक्सासला राहिली आणि तिची धाकटी बहीण जोहोरच्या पावसात भेटली.

दादा त्या पोराचे हात बघत होते. चिखलात गुडघा टेकून त्याने एकेक पट्टा आवळला, ओढून पाहिला, पुन्हा आवळला. वीस-बावीस वर्षांचे मजबूत हात, तरी त्याला दम लागला. वहिनी मात्र दादांकडे बघत होत्या.

गाडी योंग पेंगच्या गॅरेजला लागली. आम्ही उरलेल्या दोन गाड्यांत दाटीवाटीने बसून अंधार पडता पडता मेलाकाला पोचलो. रात्री नदीकाठी फिरताना दोघांचे बोलणे आमच्या कानावर आले.

"तुम्ही वजन बघता, मी वाकणं बघते," वहिनी म्हणत होत्या. "दर मुक्कामाला सोडायचं, दर मुक्कामाला बांधायचं. तुमची कंबर, माझे गुडघे. एखादा पट्टा सैल राहिला तर मागून येणाऱ्याच्या गाडीतही कुणाचीतरी नातवंडं असतील."

दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे नको म्हणतेस?"

"नको नाही म्हणत. आपण दोघांना झेपेल अशी बघू या. मुलांकडे जायचं आपल्या पायांनीच, पण पाय बघून."

दुसऱ्या दिवशी गॅरेजचा फोन आला: तेलाच्या नळीची गळती होती, गिअरबॉक्स सलामत. परतताना गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली.

दोन महिन्यांनी टेक्सासहून डॉलीचा फोटो आला. आधी बघून ठेवलेली स्वस्तातली, बिनब्रेकची जुनी डॉली दादांनी सोडून दिली. घेतली ती ब्रेकवाली. तिची फळीच खाली झुकते, त्यामुळे जड रॅम्प उचलावे लागत नाहीत. गाडी वहिनी चढवतात, पट्टे दादा आवळतात आणि मग वहिनी यादी घेऊन एकेक पट्टा, साखळी, मागचे दिवे आणि हँडब्रेक तपासतात. निघाल्यावर थोड्या मैलांवर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, आणि तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम असेल तर गाडी उतरवायचीच नाही, असे त्यांनी ठरवले आहे.

आपल्यापैकी कुणी सिंगापुरात मोटरहोम घेणार नाही. ठेवायला जागा कुठे! पण पुढच्या लाँग वीकएंडआधी एवढे जरूर करावे. गाडीचे मॅन्युअल उघडून टोइंगचे पान काढावे. इंजिन पुढची चाके फिरवते, मागची की चारही, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला माहीत असावे. गाडी विजेची असेल तर चारही चाके वरच हवीत, कारण चाक फिरले की मोटर वीज तयार करू लागते आणि तापते. विम्यात मलेशियातले टोइंग कुठपर्यंत आहे तेही विचारून ठेवावे. हे सगळे एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकावे, आणि चिठ्ठीशेजारी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा एक जादा डबाही. रस्त्याच्या कडेला वाट बघताना दोन्ही उपयोगी पडतात.