पाणवठ्यावर जागताना

बुद्धपौर्णिमा जवळ आली की नागपुरात एक निराळी धावपळ सुरू होते. पारा 44 अंशांच्या पुढे गेलेला असतो, कूलरच्या टाकीत पाणी भरून भरून घरातले वैतागलेले असतात, आणि अशात काही मंडळी जंगलातल्या मचाणावर रात्रभर बसायला नाव नोंदवतात. पैसे भरून, वर पंख्याविना! वनविभागाचा हा ‘निसर्ग अनुभव’. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा, जिथे जागा मिळेल तिथे.

पूर्वी या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजत. ओढे आटलेले, त्यामुळे तहानलेलं जनावर ठरावीक पाण्यावर येणारच, आणि पौर्णिमा असल्यानं टॉर्चशिवाय दिसणार. आता वाघ मोजायला कॅमेरा ट्रॅप आले. नागरिकांच्या हाती उरली ती निव्वळ जाग.

मचाणावरचे नियम मोजके: भडक कपडे नकोत, अत्तर नको, बोलणं नको. पहिला तास माणूस मनानं शहरातल्या सीताबर्डीतच असतो. डास चावतात, पाय आखडतात, डब्याचं झाकण उघडताना होणारा आवाज बंदुकीच्या बारासारखा वाटतो. मग केव्हातरी कान कामाला लागतात. वाळक्या पानांवर नुसती चाहूल येते. ते रानडुक्कर की अस्वल, एवढाच प्रश्न उरतो. टिटवी ओरडते. लांबवर चितळ धोक्याचा कुकारा देतं आणि शेजारचा वनरक्षक ओठ न हलवता म्हणतो, “कॉल आहे.” त्या क्षणी घरचा हप्ता, ऑफिसातली कुरबुर, काहीएक आठवत नाही. शांत होण्यासाठी वेगळं काही करावं लागलेलं नसतं. सगळं लक्ष त्या एका दिशेला लागलेलं असतं, इतकंच.

विदर्भाच्या रानात रमलेल्या लेखकांचं हेच दिसतं. नुसती शांती शोधायला त्यांतलं कुणी गेलं नाही. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात जाऊन राहिले ते पाहायला, टिपायला, रेखाटायला. त्यातून ‘नागझिरा’ हे पुस्तक झालं. मारुती चितमपल्ली तर वनखात्यात सरकारी नोकरीच करत होते. नवेगावबांधला असताना त्यांनी गोंड, ढिवर आणि गावच्या माधवराव पाटलांकडून रान समजून घेतलं, पक्षी आणि मासे ओळखायला शिकले. तिथला तलावही काही आपोआप झालेला नाही. कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी बांध घालून तो केला, असं सांगतात. म्हणजे ज्याला आपण निर्जन म्हणतो, त्यावर कितीतरी हातांची माती आहे. निवृत्तीनंतर चितमपल्ली अनेक वर्षं नागपुरात राहिले. 2025 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 18 जूनला सोलापुरात ते गेले.

एकांताचं कौतुक करताना त्या मचाणावरच्या वनरक्षकाला मात्र विसरू नये. शहरी पाहुणा सकाळी अंघोळ करून फोटो टाकतो; वनरक्षक पुन्हा संरक्षण कुटीकडे जातो. मोबाइलला रेंज नाही, मुलं शाळेसाठी दुसऱ्या गावी, पावसाळ्यात वाटा बंद. त्याला हा एकांत नोंदणी करून मिळालेला नाही आणि कंटाळा आला म्हणून सोडताही येत नाही. त्यालाही रान आवडत असेल, पण ते आवडणं वेगळं.

या दोघांच्या मधली वाट पक्षीनिरीक्षक किरण पुरंदरे यांनी धरली. ते पुण्याचे. नागझिऱ्यात सलग 400 दिवस राहिले, तिन्ही ऋतू अंगावर घेतले आणि ‘सखा नागझिरा’ लिहिलं. एवढ्यावर परत जाऊन व्याख्यानं देत बसले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. पण पुढे ते पुणं सोडून अभयारण्याच्या वेशीवरच्या पिटेझरी गावी बिऱ्हाडासह राहायला आले. आता शेजारी आहेत, गावाच्या अडचणी आहेत, आणि रान हाकेच्या अंतरावर.