चौकशीची खिडकी

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे रोह्याला राहायला आला. तो दिव्याहून गाडीत बसला होता. मी शाळेचे काम आटोपून पेणला त्याच डब्यात चढले. त्याच्या मांडीवर जाडजूड इंग्रजी पुस्तक होते. जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाची ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ ही १९९६ सालची कादंबरी. तिच्यावरून २०११ पासून निघालेली मालिका जगभर गाजली, पण ती घरात मुलाबाळांसोबत बसून पाहण्यासारखी नाही, एवढे मी ऐकून होते. म्हणून त्याला म्हटले, “मालिका राहू दे, कथा सांग. रोहा येईपर्यंत वेळ जाईल.”

त्याने एका आईची गोष्ट सांगितली.

कॅटलिन ही एका मोठ्या सरदाराची बायको, पाच मुलांची आई. तिचा सात वर्षांचा मुलगा ब्रॅन उंच बुरुजावरून पडतो आणि बेशुद्ध होतो. ती रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून असते. एका रात्री हातात सुरा घेतलेला माणूस मुलाला मारायला खोलीत शिरतो. ही बाई उघड्या हातांनी सुऱ्याचे पाते धरते. बोटे हाडापर्यंत कापली जातात, पण ती सोडत नाही. मुलाचा पाळीव लांडगा त्या माणसाला संपवतो आणि मूल वाचते.

सुरा फार किमती असतो. असल्या भणंग माणसाजवळ तो आला कुठून, याचा शोध घ्यायला ती राजधानीत जाते. तिथे लहानपणी तिच्या वडिलांच्या घरी वाढलेला एक जुना स्नेही तिला सांगतो, “हा सुरा माझाच होता. एका पैजेत मी तो टिरियनकडून हरलो.” टिरियन म्हणजे राणीचा ठेंगणा भाऊ. तिला तेवढे पुरते. नवरा तिला सांगतो, गुपचूप घरी जा, घर सांभाळ, पक्का पुरावा मिळेपर्यंत काही करू नकोस. ती निघते. वाटेत एका सराईत जेवायला थांबते, तर दारातून टिरियनच आत येतो आणि सगळ्यांसमोर तिला ओळख देतो. क्षणभर विचार करून ती उठते. तिथे बसलेल्यांत तिच्या वडिलांच्या पदरची माणसे असतात. एकेकाला तो कोणाचा चाकर ते विचारते आणि म्हणते, या माणसाने माझ्या मुलाला मारण्याचा कट केला, याला धरा. तलवारी म्यानातून बाहेर येतात.

“मग?” मी विचारले. नागोठणे मागे पडले होते.

मग वाटेत टिरियन तिला एक साधी गोष्ट सांगतो. ती पैज म्हणे त्याच्या सख्ख्या भावाच्या हरण्यावर लावलेली होती, आणि तो तर भावाविरुद्ध कधीच पैज लावत नाही. तिच्या मनात पाल चुकचुकते. पण आता उशीर झालेला असतो. टिरियनचा बाप फौज पाठवून तिच्या माहेरच्या मुलखातली गावे जाळतो. राजधानीत तिच्या नवऱ्यावर भररस्त्यात हल्ला होतो, त्याची माणसे मारली जातात, त्याचा पाय मोडतो. तिच्या दोन मुली त्याच शहरात असतात. आणि ज्याला तिने धरले, त्याने ते कृत्य केलेलेच नसते. खोटे बोललेला असतो तो जुना स्नेही.

भाच्याने पुस्तक मिटले आणि विचारले, “खाला, त्या आईचं चुकलं का?”

मी म्हटले, “निडी गेलं. सामान खाली काढ.”

त्याला उत्तर दिले नाही, कारण त्या सराईतली ती बाई मी स्वतः होऊन गेले होते. सात वर्षे ही गोष्ट मी घराबाहेर कोणाला सांगितली नव्हती. आज सांगते.

२०१८ चा जून महिना. रमजान ईद नुकतीच झाली होती, शाळा सुरू झाल्या होत्या. त्या दिवसांत घराघरातल्या फोनवर एकच विषय होता. मुले पळवणारी टोळी आली आहे. एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत मुले खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघे येतात आणि एका मुलाला उचलून पळतात. मला तो आमच्या नात्यातल्याच एका बाईने पाठवला. खाली लिहिले होते, आपल्या भागात आले आहेत, सावध राहा. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि तीन ग्रुपवर पुढे पाठवला. बी.एड. झालेली बाई मी. वर्गात मुलांना सांगते की ऐकीव गोष्टीवर उत्तर लिहू नका.

पुढच्याच रविवारी मुलीला घेऊन पेणला गेले होते. परतताना पोह्याचे पापड घेतले आणि एसटी स्टँडवर आलो. पाऊस कोसळत होता, शेडखाली गर्दी दाटली होती. मी छत्री मिटून पिशवी नीट करेपर्यंत मुलीचा हात सुटला. वळून पाहिले तर मुलगी नाही.

ती अर्धी मिनिटे कशी गेली हे आई असलेल्या वाचकाला सांगायला नको.

मग ती दिसली. हिरवे, विटके लुगडे नेसलेली, काखेत गाठोडे असलेली एक बाई तिला मनगटाला धरून झपाझप चालली होती. स्टँडच्या दाराच्या दिशेने. मुलगी रडत होती. मी धावले, त्या बाईचा दंड पकडला आणि जिवाच्या आकांताने ओरडले, “मुलं पळवणारी आहे! धरा हिला!”

एवढेच शब्द. पुढे मला काहीच करावे लागले नाही. पंधरा-वीस माणसे जमली. कोणी गाठोडे ओढले, कोणी तिच्या तोंडासमोर फोन धरला. “कुठली तू? नाव काय?” असे चारी बाजूंनी ओरडू लागले. ती इतकी घाबरली की तिच्या तोंडून नाव निघेना. नाव सांगत नाही म्हणजे चोरच, असे कोणीतरी म्हणाले आणि तिच्या कानशिलात बसली. मी मारले नाही, पण मी थांबवलेही नाही. मी मुलीला पोटाशी धरून उभी होते आणि, खरे सांगायचे तर, मला बरे वाटत होते.

बाजूला एक म्हातारी भाजीची टोपली घेऊन बसली होती. ती उठली, वाट काढत माझ्यापर्यंत आली आणि मला नाही, माझ्या मुलीला विचारले, “बाय, तुला खंय नेत होती ही?”

मुलगी हुंदके देत म्हणाली, “मी अम्मीला शोधत होते. ती म्हणाली, चल, खिडकीवर सांगू, ते अम्मीला हाक मारतील.”

दाराच्या बाजूलाच स्टँडची चौकशी खिडकी होती. ती बाई तिकडे निघाली होती. ती चौकशीकडे चालली होती आणि मी चौकशी न करता तिला धरले होते.

गर्दी जशी जमली तशी पांगली. थप्पड मारणारा तर सर्वांत आधी दिसेनासा झाला. गाठोड्यातून सुया, दोरे, मण्यांच्या माळा चिखलात पडल्या होत्या. मी वाकून वेचू लागले. पर्समधून पैसे काढले. तिने घेतले नाहीत. माफी मागितली, तर माझ्याकडे पाहिलेही नाही. माळा ओच्यात घेऊन ती पावसातच निघून गेली. रोह्याच्या गाडीत मुलीने विचारले, “अम्मी, तिला का मारलं?” मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे गरीब लोक होते. संशय एकच, मुले पळवणारे. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारले गेले. ही बातमी मी वाचली तेव्हा वर्तमानपत्र हातात धरवेना. राईनपाड्यातही पहिला हात कोणीतरी एकानेच धरला असेल, पहिली हाक एकानेच दिली असेल. तिथे म्हाताऱ्या भाजीवालीचे काम कोणी केले नाही किंवा कोणाला करू दिले गेले नाही. माझ्या स्टँडवर ते झाले, एवढाच फरक.

त्याच दिवसाची दुसरीही बातमी होती. मालेगावात लहान मुलासह फिरणाऱ्या एका गरीब कुटुंबाला असाच जमावाने घेरला होता. तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि पोलीस येईपर्यंत दार लावून घेतले. ते कुटुंब वाचले. दिवस तोच, अफवा तीच, पण एका माणसाने दार लावून घेतले.

त्या व्हिडिओचे सत्यही पुढे कळले. तो आपल्या देशातला नव्हताच. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या कराचीच्या एका संस्थेने लोकांना सावध करण्यासाठी बनवलेली ती छोटी फिल्म होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि हातात फलक धरतात. तेवढा भाग कापून ती आपल्याकडे फिरवली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी जमावाच्या हिंसेबाबत राज्यांना कडक निर्देश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तरीही एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे अफवेच्याच वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जीव गेला. नियम हवेतच, पण उठलेला हात नियम धरून ठेवत नाही.

वाचकहो, आपल्या कुरआनात सूरह हुजुरातमध्ये याविषयी स्पष्ट ताकीद आहे. बेभरवशाचा माणूस खबर घेऊन आला तर आधी तहकीक करा, नाहीतर नकळत कोणाचे नुकसान कराल आणि मग केल्याचा पस्तावा होईल, असा तिचा आशय. तफसीरमध्ये तिची पार्श्वभूमी सांगतात. जकात आणायला पाठवलेला एक माणूस समोरून येणारे लोक पाहून घाबरला आणि परत येऊन म्हणाला, ते माझ्या जिवावर उठले आहेत. ते तर त्याच्या स्वागताला निघाले होते. ही सूरह मी लहानपणापासून पढत आले. तिचा अर्थ पेणच्या स्टँडवर कळला.

आणखी एक गोष्ट बोलून टाकते. कपड्यावरून, नावावरून कोणी आपल्याकडे संशयाने पाहिले की आपल्याला किती लागते, हे आपल्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. मलाही ते चांगले ठाऊक होते. तरी मी त्या बाईच्या लुगड्यावरून आणि गाठोड्यावरून निकाल दिला. तीच नीटनेटक्या साडीतली बाई असती, तर मी आधी “काय झालं हो, ताई?” असे विचारले असते.

तेव्हापासून दरवर्षी पालकसभेत मी हा विषय काढते, पण नेहमी दुसऱ्याची गोष्ट म्हणून. सांगते की मूल हरवले किंवा कोणाचा संशय आला तर आधी मुलाला जवळ घ्या आणि मुलालाच विचारा. समोरच्या माणसाला विचारा. शंका राहिली तर ११२ वर पोलिसांना किंवा १०९८ वर चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. पण गर्दीला हाक मारू नका. पोलीस विचारणा करतात, गर्दी विचारत नाही. आणि मेसेज आपल्या माणसाने पाठवला म्हणून तो खरा ठरत नाही. कॅटलिनला फसवणाराही तिच्या माहेरच्या अंगणात वाढलेलाच होता.

त्या रात्री जेवणे झाल्यावर भाच्याला उत्तर दिले. माझी मुलगी, आता तेरा वर्षांची, शेजारी बसली होती. तिच्यासमोरच सगळे सांगितले. म्हटले, “बेटा, त्या आईने सुऱ्याचं पातं हातांनी धरलं तेव्हा ती चुकली नाही. मूल समोर होतं, सुरा समोर होता. सराईत मात्र तिच्यासमोर सुरा नव्हता, फक्त ऐकलेली गोष्ट होती. धरणं आपल्या हातात असतं, धरल्यावर पुढे काय होईल ते आपल्या हातात राहत नाही.”

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अम्मी, मला तिचा चेहरा आठवत नाही. पण तिने माझा हात घट्ट धरला होता, ते आठवतं.”

पेणच्या स्टँडवर आजही उतरते तेव्हा माझी नजर हिरवे लुगडे आणि गाठोडे शोधते. ती दिसलेली नाही. दिसली तर काय बोलायचे, ते सात वर्षांत ठरलेले नाही. दुआ मात्र दररोज करते. अल्लाह तिला सलामत ठेवो आणि तिची माफी माझ्या वाट्याला येवो.