चिकाचा पहिला घोट

थेरगावच्या डांगे चौकात आज उभे राहिले, तर इथे कधी शेळ्या चरत होत्या यावर नव्या माणसाचा विश्वास बसणार नाही. उंच इमारती, पूल, गाड्यांच्या रांगा. पण 1980 च्या आसपास ज्या लग्न होऊन पवनेच्या काठच्या वस्त्यांत नांदायला आल्या, त्या बायकांना विचारा. चार घरे सोडून एका दारात तरी शेळी बांधलेली असायची. घरधनी कंपनीत कंत्राटावर. महिनाभर काम, की पंधरा दिवस घरी. अशा दिवसांत शेळीने किती घरांची चूल पेटती ठेवली, त्याचा हिशोब कुठल्याच कंपनीच्या वहीत सापडणार नाही.

मी लिहिते आहे ते शेळ्या विण्याच्या दिवसांविषयी. त्या दिवसांत घरातल्या बाईला ना धड झोप, ना वेळेवर जेवण. पण तेव्हा गोठ्यात जे शिकायला मिळाले, ते पुढे माणसाच्या लेकरालाही उपयोगी पडले. म्हणून भगिनींनो, हा लेखप्रपंच.

सासूबाईंना आम्ही सगळे आत्या म्हणत असू. त्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या. 1972 च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली आणि नंतर लेकरे पाठीशी घेऊन पिंपरीकडे आल्या. गावी त्यांनी शेळ्या राखल्या होत्या, पण दुसऱ्याच्या, अर्धलीने. अर्धली म्हणजे हिंडून चारायचे आपण, रात्री जागायचे आपण, आणि झालेल्या करडांतली निम्मी मालकाची. जुळी झाली तर धडधाकट करडू मालक आधी निवडायचा, मरतुकडे आपल्या वाट्याला. थेरगावात चार पैसे साठवून त्यांनी पहिली स्वतःची शेळी घेतली, तेव्हा म्हणाल्या, "हिचं समदं आपलं. लेंडीबी आपलीच."

शेळी गावाकडचीच, उस्मानाबादी जातीची, काळीभोर. ही जात काटक, आणि जुळी देण्यात नावाजलेली. एकीच्या पाच-सहा झाल्या. गोठा कसला, तर यंत्रे ज्या लाकडी खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्या भंगारवाल्याकडून आणून ठोकलेला आडोसा. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट, खाली कोरडे गवत. आत्यांचे एकच म्हणणे असे, की छप्पर गळले तर एक वेळ चालेल, पण करडाच्या अंगाखाली ओल नको.

शेळी साधारण दीडशे दिवसांनी विते. आत्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या सुतळीला दर अमावास्येला एक गाठ मारीत. पाच गाठी झाल्या की शेळी विणार. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने खूण करीत असे. दोघींचा हिशोब दोन-तीन दिवसांच्या फरकाने जुळे! शेवटच्या दीड महिन्यात पोटातले करडू झपाट्याने वाढते. म्हणून त्या दिवसांत शेवरीचा नाही तर सुबाभळीचा पाला, बाभळीच्या शेंगा, गव्हाचा कोंडा आणि जमेल तेव्हा मूठभर शेंगदाण्याची पेंड. गाभण शेळीला आंत्रविषाराची लस विण्याच्या तीन-चार आठवडे आधी टोचून घेतली, तर तिच्या चिकातून करडांनाही बळ मिळते. हे आम्हाला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले आणि आत्यांनी ते कधी चुकवले नाही.

हंगाम सुरू झाला की दिवस पहाटे चारला उगवे. नळाला पाणी येण्याआधी कंदील घेऊन गोठ्यात जायचे, एकेकीची कास चाचपायची. कास ताठ झाली, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगा पडला, शेळी चारा सोडून कोपऱ्यात एकटी उभी राहून पायाने जमीन उकरू लागली, की तिला त्या दिवशी चरायला सोडायचे नाही. मग चूल, भाकरी, पोरांची शाळा. साडेसातला हे तिसरी पाळी संपवून येत. त्यांना जेवायला वाढून मी बाकीच्या शेळ्या नदीकडे न्यायची. आत्या घरी व्यायला आलेल्या शेळीपाशी. दुपारी माझी पाळी, रात्री पुन्हा त्यांची. कंपनीत तीन पाळ्या, तशा आमच्या गोठ्यातही होत्या. फरक इतकाच, की आमच्या पाळीला भोंगा नव्हता आणि पगारही नव्हता.

शेळी विताना आधी पाण्याची पिशवी दिसते. मग पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेले नाक. विहिरीत सूर मारणाऱ्या पोरासारखे करडू बाहेर येते. असे सरळ येत असेल तर आपण हात लावायचा नाही, नुसते बसून राहायचे. पण शेळी तासभर कळा देते आहे आणि काहीच पुढे सरकत नाही, किंवा एकच पाय दिसतो आहे, तर ओढाताण न करता डॉक्टर गाठायचा. करडू बाहेर पडले, की नाकातोंडातला चिकटा पुसायचा. कारखान्यात हात पुसायला बनियनच्या चिंध्या वापरतात ना, तशा कोऱ्या चिंध्या आम्ही किलोवर आणून धुऊन ठेवीत असू. श्वास घेतला नाही, तर गवताची काडी नाकपुडीत हलकेच फिरवायची. शिंक आली की समजावे, जगले! मग नाळ दोन-तीन बोटे ठेवून दोऱ्याने बांधायची, उकळलेल्या पात्याने कापायची आणि टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायचे. थंडीत डालग्यावर विजेचा दिवा टांगायचा, किंवा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून करडापाशी ठेवायची.

एवढे सगळे केले, तरी करडू जगणार की नाही ते ठरते पुढच्या तासात. ते ठरवणारी वस्तू म्हणजे चीक.

त्या काळी वस्तीत, आणि गावोगावी आजही कित्येक ठिकाणी, एक समज घट्ट होता. जार पडल्याशिवाय करडाला चीक पाजायचा नाही. पाजला तर जार वर चढतो, करडाला हगवण लागते, असे म्हणत. जार पडायला कधी आठ तास लागतात, कधी बारा. तोवर ओले, गारठलेले करडू उपाशी. शेजारच्या एका घरात माघाच्या थंडीत एका रात्रीत दोन करडे अशीच गेली. सकाळी त्या घरातली बाई कपाळाला हात लावून म्हणाली, "नशीब आमचं."

आत्या तिला म्हणाल्या, "नशीब कशाला म्हणतीस बाई? पोटात काय गेलं हुतं त्यांच्या रातभर?"

आमच्या गोठ्यात करडू उभे राहायला धडपडू लागले, की आत्या सडाचे तोंड दाबून पहिली धार सोडवीत आणि त्याच अर्ध्या तासात करडाचे तोंड सडाला लावीत. त्या म्हणत, "पिल्लू लुचाया लागलं की जार आपसूक सुटतोय. तुमी उलटं धरलंय समदं." कुठल्या पुस्तकात वाचलेले नव्हे. दुसऱ्याच्या शेळ्या राखताना उघड्या डोळ्यांनी पाहिलेले.

त्यामागचे शास्त्रही तेच सांगते. करडू चोखू लागले, की आईच्या शरीरात एक द्रव्य तयार होते. त्याने दूध उतरते, गर्भाशय आवळते आणि जार सुटायला मदत होते. दुसरी गोष्ट याहून मोठी. शेळी-मेंढीच्या पोटात असताना पिल्लाला रोगाशी लढायची शक्ती आईच्या रक्तातून मिळत नाही. ते रिकाम्या हातांनी जन्माला येते. ती शक्ती भरलेली असते चिकात. आणि पिल्लाचे आतडे ती जशीच्या तशी रक्तात घेते, तेही फक्त पहिला दिवसभर. दर तासाला ते दार मिटत जाते. म्हणून पहिला घोट पहिल्या तासात, आणि पहिल्या दिवसात करडाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात गेला पाहिजे. दोन किलोच्या करडाला दोनशे ग्रॅम, चार-पाच वेळा विभागून. जुळ्यांत दांडगे करडू सगळे ओढून घेते, म्हणून दुबळ्याला आधी लावायचे. मालकाने निवडून टाकून दिलेली मरतुकडी करडे आत्यांनी गावी जगवली होती, ती याच रीतीने.

दिवाळीनंतर फलटण, माणकडच्या कोरड्या माळांवरून धनगर बांधव मेंढरे घेऊन मावळ-कोकणाकडे निघत. आमच्या बाजूच्या रिकाम्या वावरांत त्यांचा वाडा दोन-चार दिवस बसे. शेतकऱ्याला खत, त्यांना धान्य. चालत्या वाटेवर मेंढी व्याली, तर दोन-तीन दिवसांची कोकरे घोड्यावरच्या सामानात बसून पुढच्या मुक्कामाला जात. मेंढरे माळावर गेली की कोकरे वाघरीच्या जाळीआड, आणि त्यांच्यापाशी बायका. संध्याकाळी कळप परतला, की शेकडो माया आणि कोकरे एकदम ओरडू लागत. त्या गलक्यात कोणते कोकरू कोणत्या मेंढीचे, हे त्या बाया अंधारात ओळखून पाजायला लावीत. मेंढी वासावर ओळखते, बाई नजरेवर.

दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण संकराने दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. राज्य सरकारचे मेंढी व शेळी विकास महामंडळ 1978 पासून आहे, रांजणी, दहिवडी अशा ठिकाणी त्याची प्रक्षेत्रे आहेत. ही कामे मोलाची आहेत. पण एकाची दोन कोकरे झाली, म्हणजे पाजायची तोंडेही दोन झाली. जात कितीही सुधारली, तरी रात्री जागायला माणूस लागतेच.

आता माणसाच्या लेकराची गोष्ट. शेजारची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. घरीच मोकळी झाली. जाणत्या म्हणवणाऱ्या दोघी-तिघी जमल्या आणि म्हणू लागल्या, पहिले पिवळे दूध नासके असते, ते पिळून टाका, तीन दिवस बाळाला गुळाचे पाणी द्या, मध चाटवा. पोरगी घाबरून गप्प. आत्या दारातून आत आल्या.

"करडाला चीक पायजे म्हनून म्या रातरात जागते, आन् तुमी लेकराचा चीक मातीत वतता व्हय?"

"शेळीचं आन् मानसाचं येकच का?" एकीने विचारले.

"न्हाई कसं? जिनं लेकरू केलं तिनंच दूध केलंय. तिच्या आंगाला कळतंय ते तुमाला कळंना?"

आत्यांनी स्वतः बसून बाळ छातीशी लावले. बाळ लुचू लागले आणि बायका पांगल्या. दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या, त्यांनीही तेच सांगितले. आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की बाळ जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजावे आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. माणसाच्या बाळाला काही संरक्षण आईच्या पोटातच मिळते, करडासारखे ते अगदी रिकामे येत नाही. तरीही चिकाला पर्याय नाही. आणि मध तर वर्ष होईपर्यंत बाळाला चाटवूच नये, त्यातून घातक रोग होऊ शकतो.

एक गोष्ट मात्र आजच्या ज्ञानाने सांगते. घरात गरोदर बाई असेल तर तिला शेळीचे बाळंतपण करू देऊ नका, जारेला हात लावू देऊ नका. त्यातून पोटातल्या बाळाला धोका पोचू शकतो. जार खोल पुरा, कुत्र्यापुढे टाकू नका. हात साबणाने धुवा आणि शेळीचे दूध उकळूनच प्या.

2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 14 कोटी 89 लाख शेळ्या मोजल्या गेल्या. शेळ्या मोजल्या, पण त्यांच्या करडांसाठी जागलेल्या रात्री कोणी मोजायच्या? आमच्याकडे बकरी ईदच्या आधी व्यापारी येई आणि बोकडाचा भाव घरातल्या पुरुषाला विचारी. आत्या पुढे होऊन म्हणत, "त्येला काय इचारता? त्यो कामावर हुता." भाव त्याच ठरवीत आणि पैसे त्यांच्याच पदराला. माझ्या थोरल्याची आयटीआयची फी त्याच पदराच्या गाठीतून सुटली. आज तो चाकणला कामाला आहे.

आमच्या दारातली जागा कधीच गेली, शेळ्याही गेल्या. पण आपल्यापैकी पुष्कळांचे भाऊबंद अजून गावी आहेत, त्यांच्या दावणीला शेळ्या आहेत. सुट्टीत जाल तेव्हा त्यांना सांगा, जारेची वाट पाहू नका, चीक आधी पाजा. सुनेला दिवस गेले असतील, तर तिच्या सासूलाही हेच सांगा. आणि करडू मोठे होऊन विकायची वेळ येईल, तेव्हा ज्या हाताने पहिल्या रात्री त्याला सडाला लावले, त्या हाताला विचारल्याशिवाय दावे सोडू नका.