चंद्रपूर-गडचिरोलीला जायचे ते कधी?

भारत पाहायला ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला, असे सरसकट सांगितले जाते. राजस्थान, कोकण, केरळ यांच्यापुरते ते खरे आहे. पण त्यातल्या बऱ्याच महिन्यांत लडाखकडे जाणारे घाट बर्फामुळे बंद असतात. एवढ्या मोठ्या देशाला एकच हंगाम लावता येत नाही, हे कोणीही मान्य करील. शेजारच्या दोन जिल्ह्यांनाही तो लावता येत नाही, याचे उत्तम उदाहरण म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली.

२६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. आज चंद्रपूरकडे कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र, दिल्ली-चेन्नई लोहमार्ग आणि ताडोबा आहे. गडचिरोलीचा सुमारे सत्तर टक्के भाग जंगलाखाली आहे आणि उत्तरेच्या वडसा-देसाईगंजहून दक्षिणेच्या सिरोंच्याला रस्त्याने जायचे तर अडीचशे किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. जंगल दोन्हीकडे पानझडीचेच: साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह आणि बांबू. झाडे पाने केव्हा गाळतात आणि नद्या केव्हा भरतात, यावर इथला सगळा हंगाम ठरतो.

बाहेरून येणाऱ्यांची सर्वाधिक गर्दी होते ती एप्रिल-मे महिन्यांत, आणि ती वाघासाठी. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारी अभयारण्य १९८६ साली, आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, नाले आटतात, पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरते. वाघाला उकाडा सोसत नाही. दुपारी तो पाण्यात मागचे अंग बुडवून तासन् तास बसतो. वाघ दिसण्याच्या दृष्टीने याहून चांगला काळ नाही. पण चंद्रपूर समुद्रापासून दूर आणि सखल भागात असल्याने वायव्येकडून येणारे कोरडे वारे येथे काही अडथळा न होता तापतात. ४५ अंश इथे सर्रास गाठले जातात, ४७ च्या पुढेही पारा गेला आहे. मेअखेरीच्या नवतपात तर दुपारी उघड्या जिप्सीत बसणे लहान मुलांना आणि वृद्धांना धोक्याचे ठरते. त्यांना घेऊन या दिवसांत येऊ नये, हे स्पष्टच सांगितले पाहिजे.

याच दिवसांत जंगल कामाने गजबजलेले असते, ते सफारीच्या रस्त्यांवरून दिसत नाही. मोहफुले पहाटे गळतात. ती वेचायला बायका उजाडण्याआधी टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, पाठ वाकवून एकेक फूल उचलतात आणि अंगणात वाळत घालतात. अस्वलालाही मोह तितकाच प्रिय असतो, आणि वाकलेल्या माणसावर वाघाने हल्ला केल्याच्या घटना ब्रह्मपुरीच्या परिसरात दरवर्षी घडतात. त्यामागोमाग तेंदूपत्ता येतो: सत्तर पानांचे एक पुडके, असा त्याचा हिशेब. वर्षातली मोठी रोख मिळकत अनेक कुटुंबांना या काही दिवसांतच होते. मोह आणि तेंदूच्या दिवसांत बाहेरच्या माणसाने हौसेखातर पायी जंगलात शिरू नये.

पावसाळा दोन्ही जिल्ह्यांना वेगवेगळा वागवतो. मृगाचा पाऊस स्थिरावला की ताडोबाचा गाभा साधारणतः १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद राहतो. बफर क्षेत्रातील काही प्रवेशद्वारे चालू असतात. वाघ गवताआड गेलेला असतो, पण नवरंग पक्षी शीळ घालत असतो, चिमूर तालुक्यातला मुक्ताईचा धबधबा कोसळत असतो आणि नागभीडजवळचा घोडाझरी तलाव काठोकाठ भरलेला असतो. चंद्रपूरपुरते बोलायचे तर चार दिवसांच्या सहलीला पावसाळा वाईट नाही.

गडचिरोलीच्या दक्षिणेत मात्र या काळात पर्यटकाने जाऊच नये. तेथे पाऊस अधिक पडतो आणि वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, इंद्रावती या साऱ्या नद्या एकाच वेळी फुगतात. भामरागडला पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेले की पलीकडच्या शंभरावर गावांचा संपर्क तुटतो. गरोदर बाई, सर्पदंश झालेला माणूस यांनाही मग नावेची किंवा खाटेची वाट पाहावी लागते. त्यात पाहुण्यांची भर नको. हिवतापाच्या दृष्टीने गडचिरोली राज्यातील सर्वांत संवेदनशील जिल्ह्यांपैकी एक आहे, आणि पावसाळा व त्यानंतरचे काही आठवडे त्याचेच असतात. ऑक्टोबरात गेलेल्याने मच्छरदाणी सोबत ठेवावी आणि परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना आपण कुठून आलो ते आधी सांगावे.

दिवाळीनंतर चित्र बदलते. बांध्यांतले धान कापून होते, हातात पैसा येतो आणि भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा दंडार हे लोकनाट्य, बाजार, कुठे बैलांच्या शर्यतींचा शंकरपट; रात्री नाटक. या मुलखाच्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, रंगभूमीचा हंगाम हाच. मंडळ्यांची कार्यालये वडशाला; तिथून एकेका रात्रीसाठी नाटक ठरवले जाते. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत गाणी, रडणे, हशा चालू राहतो. लेकी-जावई, सोयरे मुद्दाम बोलावलेले असतात, मुलामुलींची लग्नेही मंडईत जुळतात. परशुराम खुणे या इथल्याच नटाला २०२३ साली पद्मश्री मिळाली. ज्याने फक्त वाघ पाहिला आणि झाडीपट्टीतले एकही नाटक पाहिले नाही, त्याने हा मुलूख अर्धाच पाहिला.

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते. उघड्या गाडीत ब्लँकेटशिवाय निभाव लागत नाही, आणि गवत अजून उंच असल्याने वाघ सहज दिसत नाही. पक्षी पाहणाऱ्यांना मात्र याहून चांगला काळ नाही. पूर्वजांनी बांधलेल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर स्थलांतरित बदके उतरलेली असतात. दक्षिण गडचिरोलीचे दारही आता उघडते. १९५३ पासून राखलेले आणि २०१४ साली जैवविविधता वारसास्थळ ठरलेले ‘वनवैभव आलापल्ली’, १९७३ पासून चाललेला हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प, सिरोंच्याजवळचा प्राणहिता-गोदावरी संगम, कमलापूरचा हत्ती कॅम्प हे सारे आरामात पाहून होते. कमलापूरला जानेवारीत काही दिवस हत्तींच्या पायांना वनौषधींचा शेक देतात. तेवढे दिवस कॅम्प पर्यटकांना बंद असतो, तेव्हा आधी विचारून निघावे. एटापल्ली-भामरागडकडचा प्रवास दिवसाउजेडीच करावा आणि रस्त्याची चौकशी वनखात्याकडे किंवा पोलिसांकडे करून ठेवावी.

दोन्ही जिल्हे एकाच फेरीत पाहायचे असतील तर महाशिवरात्र ते होळी हा पंधरवडा निवडावा. साग पाने गाळू लागलेला असतो, त्यामुळे नजर दूरवर पोचते. पळस आणि काटेसावर फुललेली असते. नद्यांना पाणी असते, पण रस्ते कोरडे असतात. डास कमी झालेले असतात, ऊन चढते पण भाजत नाही आणि नाटकांचा हंगाम होळीपर्यंत चालू असतो. वैनगंगा जिथे उत्तरवाहिनी होते त्या मार्कंड्याला महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते. देवळांच्या भिंतींवरची शिल्पे पाहायची तर जत्रेचा पहिला दिवस टाळून मागाहून जावे. ज्या वर्षी होळी मार्चअखेर येते त्या वर्षी शेवटच्या आठवड्यात उन्हाचा चटका बसतो, म्हणून पंधरवड्याचा पहिला भाग धरावा. ताडोबाची नोंदणी ऑनलाइन होते आणि शनिवार-रविवारच्या जागा फार आधी संपतात, म्हणून सफारी आठवड्याच्या मधल्या दिवशी ठरवावी. मंगळवारी ताडोबा बंद असते. तो दिवस मार्कंड्यासाठी ठेवावा.