पंप बदलण्याआधी

न्यू इंग्लंडमध्ये जानेवारीत घरातला सर्क्युलेटर पंप बंद पडला, की घरच्यांना एकच हवं असतं: रात्रीपर्यंत घर गरम व्हावं. बाहेर उणे पंधरा असतं, पाइप गोठून फुटायची धास्ती असते, त्यामुळे ती घाई रास्तच आहे. मेकॅनिक येतो, जुना पंप काढून नवा बसवतो आणि जातो. पुढच्या थंडीत नवाही जातो आणि मग पंप बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली जातात. हीटिंगच्या कामात असली घरं मला नेहमी भेटतात. त्यावरून सांगतो, एकाच जागी दुसरा पंप गेला तर दोष पंपाबाहेर शोधावा.

हा पंप तळघरात बॉयलरशेजारी असतो आणि तापलेलं पाणी घरभर फिरवतो. त्याच्या फिरत्या भागाला तेल लागत नाही. रोटर पाण्यातच बुडालेला असतो आणि बेअरिंगला वंगण म्हणजे त्याच पाण्याचा पातळ थर. म्हणून दांडा आडवा हवा. उभा बसवला तर वरच्या बेअरिंगपाशी हवा अडकते आणि ते कोरडं घासतं. आणि पाणी स्वच्छ हवं. गावाकडे बोअरला वाळू आली की सबमर्सिबलचे बुश झिजतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इथे तेच काम गंज करतो.

बंद पाइपातलं पाणी वर्षानुवर्षं तेच असेल, तर त्यातला ऑक्सिजन लवकर संपतो आणि गंज जवळजवळ थांबतो. ताजं पाणी आत येत राहिलं तरच तो चालू राहतो. तेव्हा खरा प्रश्न असा, की ताजं पाणी येतंय कशाला?

वुस्टरजवळच्या एका घरी तिथले काका-काकू मला जळका पंप दाखवत होते. उघडला तर आत काळा चिखल, चुंबकाला चटकन चिकटणारा. तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचा गंजच. बॉयलरच्या बाजूला एक बादली होती. "ही कशाला, काकू?"

"त्या नळीतून पाणी ठिबकतं ना, रोज थोडं. मी कुंड्यांना घालते."

ती नळी सेफ्टी व्हॉल्व्हची होती. घरगुती बॉयलरला तो बहुधा ३० पीएसआयचा असतो. दुमजली घरात थंड पाण्याचा दाब साधारण १२ ठेवतात. पाणी १० अंशांवरून ८० वर गेलं की सुमारे तीन टक्के फुगतं. ती वाढ सामावायला एक्स्पान्शन टँक असतो. त्यात रबराचा पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. टाकीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. मी तो दाबला, तर हवेऐवजी पाणी आलं. पडदा फाटला होता.

पुढचं सरळ होतं. फुगलेल्या पाण्याला जागा नाही, दाब तिशीला जातो, व्हॉल्व्ह ठिबकतो. बॉयलर निवला की दाब पडतो आणि फिल व्हॉल्व्ह नळाचं नवं पाणी आत घेतो. रोज नवा ऑक्सिजन, रोज नवा गंज, आणि तो सगळा पंपाच्या बेअरिंगकडे. शिवाय हल्लीच्या कमी वीज खाणाऱ्या पंपांच्या रोटरमध्ये कायमचुंबक असतो. तो हा गंज स्वतःकडे ओढून घेतो. जुन्या लोखंडी बॉयलरला असा पंप लावताना चुंबकीय गाळणी बसवावीच.

टाकी बदलली. नवी जोडण्याआधी तिच्यातली हवा मोजून १२ वर आणली. जोडल्यावर पाण्याचा दाब असताना मोजलेला आकडा निरुपयोगी असतो. ठिबकणारा सेफ्टी व्हॉल्व्हही बदलला, कारण एकदा त्याच्या बैठकीत कचरा अडकला की तो नीट बसत नाही. पाइप धुतले, गाळणी बसवली, पंप शेवटी.

विजेचं कारण नसतंच असं नाही. व्होल्टेज आणि रिले तपासायला पाच मिनिटं पुरतात, ती द्यावीतच. पंप टाकीच्या कोणत्या बाजूला आहे हेही बघावं. तो टाकीच्या दिशेने पाणी ढकलत असेल, तर वरच्या मजल्यावरचा दाब घटतो आणि हवा बाहेर सोडणाऱ्या व्हेंटमधून उलट हवा आत ओढली जाऊ शकते.

थंड मुलखात राहणाऱ्यांना माझी विनंती आहे. पंप गेला तर मेकॅनिकला जुना पंप तुमच्यासमोर उघडायला सांगा, टाकीचा तो छोटा व्हॉल्व्ह दाबायला सांगा, आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीखाली कधी ओल दिसली असेल तर न विसरता त्याला सांगा.