मागच्या माणसाचा कान

भाऊबिजेपासून होळीपर्यंतच्या काळात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या ज्या धानाच्या मुलखाला आम्ही झाडीपट्टी म्हणतो तेथे, गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होते. आणि त्या नाटकातला शब्द न् शब्द मैदानाच्या अखेरच्या बांबूला टेकून बसलेल्या माणसापर्यंत नेऊन पोचविण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्या ध्वनियोजकाचा व्यवसाय मी आजवर करीत आलो आहे. माझे बिऱ्हाड अड्याळला. भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या सडकेवरचे हे गाव. हनुमंताचे देवस्थान, चैत्रातली घोडायात्रा, पोलीस ठाणे, आणि सभोवार धानाच्या बांध्या व मालगुजारीच्या अमदानीतले तलाव. नाटकांचे करारमदार बहुतेक गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला होतात, प्रयोग आज या जिल्ह्यात तर उद्या त्या जिल्ह्यात. परंतु सामान ठेवायला, दुरुस्त करायला आणि कानाला विसावा द्यायला मी अड्याळच पसंत केले.

माझ्या वडिलांजवळ दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर आणि मोटारीची एक बॅटरी एवढाच सरंजाम होता. लग्ने, कीर्तने, निवडणुकीचा प्रचार आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीची खंजिरीवरची भजने यांवर आमचे घर चाले. भोंग्याचा आवाका अरुंद असतो. खर्ज त्यात उतरत नाही, फार उंच स्वर वाटेतच विरतात. परंतु मनुष्याचे बोलणे ज्या मधल्या पट्ट्यात वसते तेवढा पट्टा तो निष्ठेने शिवारापार नेतो, हे मी पुस्तकात वाचण्याआधी कानाने शिकलो होतो. पुढे मुंबईस एका ध्वनिमुद्रणालयात उमेदवारी केली. तेथील वडीलधारी मंडळी दोन नावे गुरुस्थानी मानीत. एक विष्णुपंत दामले यांचे: बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडलेला हा कलावंत १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचा एक संस्थापक होता, आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला तेव्हा रंगांच्या जगात वाढलेल्या याच माणसाने ध्वनिमुद्रणाचे सर्वस्वी नवे शास्त्र हाती घेतले होते. दुसरे मंगेश देसाई यांचे: परळच्या राजकमल कलामंदिरात बसून शब्द, संगीत आणि इतर ध्वनी यांचे अंतिम मिश्रण असे करीत की प्रेक्षकाला मिश्रण झाले आहे याची शंकाही येऊ नये. मी या दोघांनाही पाहिले नाही. पण ज्याचे काम दिसत नाही आणि जो यशस्वी झाला म्हणजे कोणालाच आठवत नाही, अशा कारागिराविषयीचा आदर मला त्यांच्या कथांतून लाभला.

मुंबईच्या त्या खोलीला भिंती होत्या, भिंतींना ध्वनिशोषक अस्तर होते, आणि बाहेरची दुनिया दोन जाड दरवाज्यांपलीकडे थांबवलेली होती. इकडे भिंत नाही आणि छतही नाही. मैदान उतरते खणून काढलेले असते, म्हणजे पुढच्यांच्या डोक्यांवरून मागच्यांना रंगमंच दिसावा. त्या खोदलेल्या जमिनीवर तणस किंवा सतरंजी अंथरून, घोंगड्या-चादरींत गुरफटलेली माणसे पहाटेपर्यंत बसतात. मोकळ्या जागेत ध्वनीचा नियम मोठा कठोर आहे: अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. म्हणजे दहा मीटरवर जे बोलणे खणखणीत वाटते ते ऐंशी मीटरवर अठरा डेसिबलने क्षीण झालेले असते. ही तूट पुढच्या कर्ण्यांचा आवाज वाढवून भरून काढू पाहणारा मनुष्य पुढच्या मुलांच्या कानांवर अत्याचार करतो आणि मागच्या माणसाला तरीही काही देत नाही. यावर शास्त्रशुद्ध तोड अशी की मैदानाच्या मध्यावर आणखी दोन लहान कर्णे बांधावे, आणि त्यांना मिळणारा आवाज किंचित थोपवून धरावा. कारण तारेतून तो तत्काळ पोचतो, परंतु हवेतून रंगमंचाकडून येणाऱ्या ध्वनीला थंडीच्या दिवसांत दर सेकंदास सुमारे ३४० मीटर एवढीच गती असते, आणि चौतीस मीटरवर बसलेल्या माणसाला नटाचा शब्द सेकंदाचा दहावा भाग उशिराने भेटतो. हा विलंब जुळवला नाही तर प्रत्येक शब्दाला त्याचीच सावली चिकटते. जुळवला तर मधल्या कर्ण्याचे अस्तित्वच विसरले जाते आणि बोलणे साक्षात नटाच्या मुखातून आल्यासारखे वाटते.

दुपारी तिनाच्या सुमारास गाडी गावात पोचते. पहिले काम विजेचे: जनरेटरचे अर्थिंग नीट बसले नसेल तर रात्रभर प्रत्येक संवादाखाली पन्नास हर्ट्झची घुंघुं वाहत राहते, सबब मी अर्थिंगचा दांडा ओल्या जागी, शक्य तर विहिरीच्या थारोळ्यापाशी, स्वतः उभा राहून ठोकून घेतो. मग रंगमंचावर वरून माईक सोडायचे. आमच्या नाटकात नटाच्या अंगावर माईक लावण्याची चाल अजून सार्वत्रिक नाही. डोक्याच्या वर लोंबणाऱ्या माईकखाली कोण कोणत्या वाक्याला येईल याचा अंदाज बांधूनच त्यांच्या जागा मुक्रर कराव्या लागतात. माईक कर्ण्याच्या तोंडासमोर आला की तो आपलाच आवाज पुन्हा पुन्हा गिळू लागतो आणि शिट्टी सुटते. ती ज्या स्वरात सुटते तो स्वर ओळखून तेवढाच कमी करायचा, सबंध आवाज नव्हे, हे ज्याच्या कानाला साधले त्याला निम्मा व्यवसाय आला असे मी उमेदवारांना सांगतो.

रात्री दहाच्या पुढे नांदी होते. मध्यरात्र उलटली की दव पडू लागते. कर्ण्यांच्या कागदी पडद्यांना ओल धरते, म्हणून ताडपत्री हाताशी ठेवावी लागते. याच वेळी आणखी एक गोष्ट घडते, जिच्यावर मी मनापासून लुब्ध आहे. निरभ्र थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून अधिक गार होते, आणि ध्वनी वर विरून न जाता गार हवेच्या दिशेने, म्हणजे पुन्हा जमिनीकडे, वाकतो. त्यामुळे जे नाट्यपद दहा वाजता गावकुसाशी थांबत होते तेच पहाटे दोनला तलाव ओलांडून पलीकडच्या गावात ऐकू येते. झोपलेल्या बांध्यांवरून एखाद्या गायिकेची तान अशी दूर निघून जाताना ऐकणे हे या व्यवसायाचे ऐश्वर्य होय.

पहिला अंक रंगला की मिक्सर सहकाऱ्याच्या हवाली करून मी शेवटच्या रांगेत जाऊन बसतो. हा शिरस्ता मी कधी मोडला नाही. तेथे बहुधा एखादी म्हातारी असते, नातवंड मांडीवर झोपलेले असते. मी विचारतो, “आजी, आयकू येते का?” एका गावच्या आजीने जे उत्तर दिले ते मी अद्याप शिरोधार्य मानतो. ती म्हणाली, “येते न बापू, पन बाजा गजब मोठा हाये, बोलनं बुडते.” शब्द ऐकू येत नाही अशी तक्रार आली की अननुभवी माणूस शब्दाचा आवाज वाढवतो, त्याला उत्तर म्हणून वादक आपला वाढवतात, आणि ही चढाओढ संपते तेव्हा मैदानात केवळ गोंगाट उरतो. क, त, प, स यांसारखी व्यंजने, ज्यांच्यावर अर्थ तोललेला असतो, ती उंच पट्ट्यात आणि अत्यंत अल्पबल असतात. वाद्यांनी तो पट्टा थोडा मोकळा सोडला तर एक डेसिबलही न वाढवता शब्द वर तरंगून येतो. मी ऑक्टोपॅड आणि ऑर्गन उतरवून परत त्या आजीजवळ आलो, तेव्हा ती नायिकेबरोबर रडत होती.

आता जेवणाची गोष्ट सांगतो. मंडईला घरोघर पाहुणे उतरतात आणि साऊंडवाला हाही पाहुणाच धरला जातो. वडे-सुवारी, कोंबडीचा किंवा तलावातल्या मासळीचा झणझणीत रस्सा, वर भात, आणि ‘आणखी घ्या’ हा आग्रह. मी यजमानांची क्षमा मागून थोडे वरण-भात घेतो आणि रस्सा सकाळसाठी डब्यात मागतो, कारण भरल्या पोटी पहाटेपर्यंत कान जागा राहत नाही. सर्दीचे भय तर आमच्या धंद्यात गायकापेक्षाही मोठे: कानात दडे बसले की उंच स्वर मंदावतात, आणि तो मंदपणा खरा समजून यंत्रज्ञ ते वाढवीत सुटतो. म्हणून टोपडे, मफलर आणि सुंठेचा चहा हे माझ्या साहित्याच्या यादीत तारांइतकेच नियमाने लिहिलेले असतात.

खरे जेवण घरी, दुसऱ्या दिवशी झोप झाल्यावर. चिन्नोरचा भात शिजू लागला की त्याचा सुवास ओसरीपर्यंत येतो. भंडाऱ्याच्या या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले याचा आम्हा सर्वांस रास्त अभिमान आहे. सोबत लाखोळीची डाळ. धान उभे असतानाच बांधीत लाखोळी फेकतात आणि उरल्या ओलीवर ती आपसूक वाढते. केवळ तिच्यावरच दीर्घकाळ निर्वाह केल्यास पाय लुळे पडतात म्हणून १९६१ साली देशाच्या बऱ्याच भागांत तिच्या विक्रीवर बंदी आली. परंतु गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यायचे आणि मगच शिजवायची, ही आमच्या आजीची रीत होती, आणि भाताबरोबर बेताने खाल्लेल्या त्या डाळीची चव दुसऱ्या कोणत्याच डाळीला नाही. हिवाळ्यात तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी, आणि शेजारच्या भिवापूरची मिरची घालून केलेला ठेचा. एवढ्यावर मी तृप्त असतो.

छंद म्हणाल तर तोही कानाचाच. नाटक नसलेल्या दिवशी मी पहाटे तलावाच्या पाळीवर जातो. हिवाळ्यात पाहुणी बदके उतरलेली असतात. अडई बदकांच्या थव्याची शीळ पाण्यावरून सरकत येते, आणि उजाडता टकाचोर झाडावरून बोलू लागतो. ज्यांनी नवेगावबांधला राहून हा सारा प्रदेश मराठीत आणला त्या मारुती चितमपल्लींची पुस्तके वाचूनच मी पक्ष्यांकडे वळलो. त्यांनी जे लेखणीने टिपले त्यातले थोडे यंत्रावर टिपावे अशी माझी आकांक्षा आहे. पावसाळ्यात मंडई नाही, नाटक नाही; दिवसा जळालेली कॉइल बदलणे, युनिटचे पडदे बसवणे, कोणी आणून दिलेला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ जिवंत करून त्यावर १९४८ पासून बोलत असलेले नागपूर केंद्र लावून पाहणे, ही कामे; आणि रात्री बेडकांचा तो अथांग समुदायघोष. रोवणी लागली की बायका चिखलात ओणव्या राहून गातात. ती गाणी टिपण्यासाठी मी बांधावर दूर बसतो, कारण माईक जवळ नेला की गाण्यात संकोच येतो.

आता काळजीची एक गोष्ट, जी मी निकराने सांगत आलो आहे. मिरवणुकांत ट्रकवर रचलेल्या पेट्यांसमोर लहान मुले नाचतात, आणि मोठी माणसे कौतुकाने पाहतात. कामगारांच्या कानांसाठी मानलेले एक प्रमाण असे की ८५ डेसिबल आठ तास सहन होतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. त्या पेट्यांसमोर याहून अधिक असते आणि मिरवणूक तासन्‌तास चालते. अंतर्कर्णातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी एकदा मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम जातात ते उंच स्वर, म्हणजे तीच व्यंजने, तेच शब्द. ज्या मुलखात खेड्यातला निरक्षर म्हातारा नाटकातले स्वगत तोंडपाठ म्हणून दाखवतो, तेथल्या पुढच्या पिढीला शब्द ऐकू येऊ नयेत हे मला सहन होत नाही. आणि ध्वनियंत्रज्ञाने अशा कामाचा बयाणा परत करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी किंवा शेजारी दंडार या लोकनाट्यातली गाणी, रोवणीची गाणी, जात्यावरच्या ओव्या किंवा जुन्या नाटकातली पदे येणारे कोणी वृद्ध माणूस असेल तर ती या वर्षीच ध्वनिमुद्रित करून ठेवा. हातातला फोन पुरेसा आहे. पंखा बंद करा, फोन कापडाच्या घडीवर त्यांच्या मुखापासून हातभर अंतरावर ठेवा, आरंभी त्यांचे नाव, गाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, मध्ये बोलू नका, आणि गाणे संपल्यावर लगेच यंत्र थांबवू नका, कारण पुढची आठवण बहुधा त्यानंतरच निघते. त्याची एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या कोणाजवळ ठेवा.